भोपळ्याची मसालेदार एल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी इंग्लंड-अमेरिकेत गेलेली आमच्या नात्यागोत्यातील मुले तिथला पहिला ऑक्टोबर पाहतात, दुकानांतून भोपळ्याची बिअर मांडलेली दिसते, आणि मग रात्री-अपरात्री ‘मामा, हे घरी कसे करायचे?’ असा फोन येतो. इंग्लंडमध्ये काही वर्षे राहून हा उद्योग मी स्वतः केलेला असल्यामुळे उत्तर देण्याचे काम माझ्याकडे आले. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागले, तेव्हा उत्तरे एकदाच नीट लिहून ठेवावीत असे ठरवले. गावातील मंडळीही कुतूहलाने विचारतात. त्यांच्यासाठी शेवटी एक वेगळी, बिनदारूची कृती दिली आहे.

ही एल म्हणजे नेमके काय?

एल हा बिअरचाच एक प्रकार आहे. मोड आणून वाळवलेल्या जवाच्या गोड काढ्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले उकळतात आणि तो काढा साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअसला, म्हणजे तुलनेने उबदार तापमानाला, यीस्टकडून आंबवून घेतात. लागर नावाची बिअर याहून बरीच थंड, १० ते १२ अंशांच्या आसपास आंबवतात. भोपळ्याच्या एलमध्ये जवाबरोबर लाल भोपळा शिजतो आणि शेवटी दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग असे मसाले पडतात. रंग तांबूस, कडवटपणा कमी, आणि वास ओव्हनमधून नुकत्याच काढलेल्या गोड पदार्थासारखा.

कोल्हापुरात घरी करता येईल का?

नाही. १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, ज्याला पूर्वी मुंबई दारूबंदी कायदा म्हणत, परवान्याशिवाय कोणतेही मद्य तयार करण्यास मनाई करतो आणि त्याच्या ६५ व्या कलमाप्रमाणे तो शिक्षापात्र गुन्हा आहे. विकण्यासाठी नाही, फक्त घरच्यांसाठी केले, या सबबीला तिथे जागा नाही. वीस लिटर असो की दोन लिटर, बिअर ती बिअरच.

इतर देशांत स्थिती वेगळी आहे. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअर करमुक्त झाली. एका प्रौढ व्यक्तीच्या घरात वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरात २०० गॅलन अशी तिची मर्यादा आहे. विक्रीला मात्र तिथेही परवानगी नाही. तेव्हा खालची एलची कृती ज्या ठिकाणी ती कायद्याने करता येते तिथे राहणाऱ्यांसाठी आहे, आणि तिथेही आपल्या राज्याचा नियम व वयाची अट आधी पाहून घ्यावी.

बिअरमध्ये भोपळा घालण्याची कल्पना कोणाला सुचली?

सुचली म्हणण्यापेक्षा गरजेतून आली. सतराव्या-अठराव्या शतकात अमेरिकेत वसाहत करणाऱ्या इंग्रजांना चांगला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, सहज मिळत नसे आणि तो समुद्रापलीकडून मागवणे महाग पडे. भोपळा मात्र परसात हवा तेवढा पिके. म्हणून साखरेचा आणि पिठूळ द्रव्याचा स्रोत म्हणून त्यांनी भोपळा वापरला. अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीच्या कागदपत्रांत १७७१ सालची एक कृती आहे. तीत भोपळा कुटून त्याचा रस पिळून काढायचा, तो आटवायचा आणि हॉप्स घालून आंबवायचा, असा क्रम आहे. उसाऐवजी भोपळा ठेवला तर हे जवळजवळ आपले गुऱ्हाळच झाले.

चांगला माल्ट मुबलक मिळू लागल्यावर भोपळ्याची गरज संपली आणि ही बिअर विस्मरणात गेली. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील हेवर्ड गावच्या ‘बफेलो बिल्स’ या छोट्या ब्रुअरीत बिल ओवेन्स यांनी ती पुन्हा केली. भोपळ्याने बिअरला फारशी चव येत नाही हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी भोपळ्याच्या ‘पाय’ (pie) या सारण भरून भाजलेल्या गोड पदार्थात घालतात ते मसाले घातले. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक भोपळा-बिअरची चव त्या मसाल्यांतून आलेली आहे.

मग तिला भोपळ्याची चव लागते की नाही?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर कोल्हापूरकरांना स्वयंपाकघरात आधीच मिळालेले आहे. घारगा खाताना भोपळा कळतो कुठे? गूळ कळतो, जायफळ-वेलदोडा कळतो, तळणीचा खमंगपणा कळतो. आणि तरीही भोपळा काढून नुसत्या कणकेचे घारगे केले, तर पहिल्याच घासाला काहीतरी हरवल्याचे जाणवते. एलमध्येही असेच घडते. ताज्या भोपळ्यात सुमारे नव्वद टक्के पाणी असते, म्हणजे अडीच किलो गरात सव्वादोन किलो पाणीच. उरलेल्यातील साखर यीस्ट खाऊन टाकते. मागे राहतो तो किंचित मातकट गोडवा, थोडा दाटपणा आणि रंगाची एक छटा.

म्हणून भोपळ्याची चव वाढवण्यासाठी भोपळा दुप्पट करू नये, आणि ती लागत नाही म्हणून चिडून मसालाही दुप्पट करू नये. मी चाखलेल्या घरगुती भोपळा-एलपैकी बिघडलेल्या बहुतेक एल मसाल्याच्या अतिरेकानेच बिघडलेल्या होत्या. पहिल्या घोटाला वाहवा होते आणि अर्ध्या पेल्यावर माणूस पाणी मागतो.

कोणता भोपळा घ्यावा?

परदेशात डोळे-तोंड कोरण्यासाठी विकले जाणारे मोठे भोपळे घेऊ नयेत. ते पाणचट आणि धागेदार असतात. गंमत अशी की, अमेरिकेतील डब्यातला भोपळ्याचा गर बहुतांशी ‘कुकुर्बिटा मोशाटा’ या जातीच्या फळांपासून करतात आणि आपल्याकडचा लाल भोपळा बहुधा त्याच जातीचा असतो. म्हणजे कपिलतीर्थ मंडईत फोडी करून विकायला ठेवलेला भोपळा या कामाला त्या कोरीव भोपळ्यापेक्षा सरस ठरेल. तिकडे बटरनट नावाचा लांबट भोपळा मिळतो. तोही याच जातीचा आहे आणि डोळे झाकून घ्यावा असा आहे. दुधी भोपळ्याचे नाव इथे काढू नये, तो या जातीचाच नव्हे.

डब्यातला गरही चालतो, पण डब्यावरचा मजकूर वाचून घ्या. नुसता भोपळा हवा. साखर-मसाला घातलेले पायचे सारण नको.

वीस लिटरसाठी साहित्य किती लागते?

फिकट एल माल्ट साडेचार किलो, म्युनिक माल्ट अर्धा किलो आणि मध्यम रंगाचा क्रिस्टल माल्ट ३०० ग्रॅम. लाल भोपळा सोलून, बिया काढून अडीच किलो. भाताची तुसे पाव किलो. ती कशासाठी हे पुढे येईल. ईस्ट केंट गोल्डिंग्ज किंवा फगल यांसारखे सौम्य हॉप्स ३० ग्रॅम. कोरड्या एल यीस्टचे साडेअकरा ग्रॅमचे एक पाकीट. दालचिनी ५ ग्रॅम, सुंठ ३ ग्रॅम, किसलेले जायफळ १ ग्रॅम आणि लवंगा तीन, होय, तीनच. बाटल्या भरताना साखर ११० ग्रॅम. पाणी एकूण तीस लिटरच्या आसपास लागते, कारण धान्य बरेच पाणी पिऊन बसते आणि बरेचसे वाफेवर जाते.

भोपळा भाजायचा की उकडायचा?

भाजायचा. फोडी तेल न लावता ओव्हनमध्ये १८० अंशांवर पाऊण ते एक तास ठेवा, कडा तांबूस आणि चिकट होईपर्यंत. पाणी उडते, साखर करपण्याच्या अलीकडे येते आणि मघाशी सांगितलेल्या त्या पुसट चवीला जरा धार येते. उकडलेला भोपळा तेवढेच काम वाढवतो आणि चवीत जवळजवळ काहीच देत नाही.

माल्ट आणि भोपळा एकत्र का भिजवायचे?

माल्ट म्हणजे मोड आणून, सुकवून, किंचित भाजलेले जव. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो तेव्हा दाण्यातील पिठूळ द्रव्याचे साखरेत रूपांतर करणारी विकरे जागी होतात. जवाला मोड आणण्याचा हेतू हाच असतो. भरडलेला माल्ट गरम पाण्यात तासभर ठेवला की ती विकरे कामाला लागतात. या टप्प्याला मॅश म्हणतात. भोपळ्यातही थोडे पिठूळ द्रव्य असते. ते मॅशमध्ये माल्टच्या विकरांच्या हाती दिले नाही, तर पुढे बिअर गढूळ राहते. भोपळा थेट उकळत्या काढ्यात टाकणाऱ्यांची हीच तक्रार असते.

सोळा लिटर पाणी ७४ अंशांपर्यंत तापवून त्यात माल्ट, तुसे आणि भाजलेला कोमट भोपळा घाला. मिश्रणाचे तापमान ६७ अंशांच्या आसपास स्थिरावले पाहिजे. ६२ ते ६५ अंशांवर यीस्टला सहज पचणारी साखर अधिक तयार होते आणि बिअर पातळ, कोरडी लागते. ६८ ते ७० अंशांवर न पचणारी द्रव्ये जास्त उरतात आणि बिअरला अंग येते. या एलला थोडे अंग हवे, पण ती पेजेसारखी दाट नको, म्हणून ६७. तासाभराने चमचाभर पातळ पाणी पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर आणखी वीस मिनिटे थांबा. हा थेंब शाळेत बटाट्यावर टाकून पाहिलेलाच आहे. फक्त भोपळ्याचा गर चमच्यात येऊ देऊ नका, तो काळा पडून फसवतो. आणि तपासलेला नमुना भांड्यात परत न टाकता फेकून द्या.

पाणी खाली गळतच नाही, काय करावे?

भोपळ्याचा गर चाळणीवर लिंपल्यासारखा बसतो, आणि भाताची तुसे याच कारणासाठी घालतात. त्यांना चव नसते, ती फक्त वाट मोकळी ठेवतात. तुसे विसरली असतील तर पळीने वरचा थर हलकेच मोकळा करा, दोन-तीन लिटर गरम पाणी घाला आणि तोटी अगदी थोडी उघडा. घाईने पूर्ण उघडली की थर घट्ट बसतो. उरलेली साखर धुऊन काढण्यासाठी ७५ अंशांचे चौदा लिटर पाणी दोन भागांत वरून सोडावे.

उकळताना काय सांभाळायचे?

ज्याने गुऱ्हाळात काहिलीपाशी उभे राहून रस उकळताना पाहिला आहे, त्याला हा टप्पा समजावून सांगावा लागत नाही. रसावर जशी मळी येते, तसा या काढ्यावरही तपकिरी फेस येतो आणि एका क्षणात उतू जातो. गुळव्या भेंडीचे पाणी घालून मळी वर आणतो. बिअरवाले उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत आयरिश मॉस नावाचे समुद्री शेवाळ घालून गाळ खाली बसवतात. एकूण साठ मिनिटे खळखळ उकळू द्या, झाकण ठेवू नका आणि हॉप्स सुरुवातीलाच घाला. शेवटी सुगंधासाठी हॉप्स घालण्याची पद्धत इथे टाळा, कारण ती जागा मसाल्यांची आहे. मग काढा शक्य तितक्या लवकर वीस अंशांखाली निववा.

मसाले केव्हा आणि कसे घालावेत?

दोन पद्धती आहेत. पहिलीत मसाले मलमलीच्या पुरचुंडीत बांधून उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत सोडतात. दालचिनीचे तुकडे करावेत, पूड करू नये. पूड भिजून बुळबुळीत होते आणि तळाशी चिखल साठतो. जायफळ आयत्या वेळी किसावे. ही पद्धत सोपी आहे, पण मसाला जास्त झाला तर मागे फिरता येत नाही.

दुसरी पद्धत मला अधिक भरवशाची वाटते. मसाले भरडून शंभर मिलिलिटर व्होडकामध्ये चार-पाच दिवस बुडवून ठेवा, अर्क कॉफीच्या कागदातून गाळा आणि आंबवण संपल्यावर मोजून मिसळा. मोजायचे असे : एलचे शंभर मिलिलिटर पेल्यात घ्या, ड्रॉपरने थोडा थोडा अर्क घालत चाखत जा. समजा ०.३ मिलिलिटरवर चव जमली, तर वीस लिटरला त्याच्या दोनशेपट, म्हणजे ६० मिलिलिटर लागेल. तरीही आधी ४० मिलिलिटरच घाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा आणि मग ठरवा. जीभ संध्याकाळी एक सांगते आणि सकाळी दुसरे, हा सर्वांचाच अनुभव आहे.

लवंगेबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. तिच्यातील युजेनॉल हे द्रव्य इतके तीव्र असते की दात दुखल्यावर आपण ती त्याच्यासाठीच दाढेत धरतो. एक-दोन लवंगा जास्त झाल्या तर एल दंतवैद्याच्या खोलीसारखी लागते. शिवाय काही जातींची यीस्ट आणि बाहेरून शिरलेले रानटी यीस्ट स्वतःच लवंगेसारखा वास तयार करतात. लवंग न घालताही लवंगेचा वास आला, तर स्वच्छतेत कुठे चूक झाली ते पाहावे.

ऑलस्पाइस म्हणजे गरम मसालाच ना? मग घरचा गरम मसाला का नको?

नावामुळे फसगत होते. ऑलस्पाइस हे मिश्रण नसून वेस्ट इंडीज आणि मध्य अमेरिकेकडील एका झाडाचे मिऱ्यासारखे वाळवलेले फळ आहे. त्याला लवंग, दालचिनी आणि जायफळ या तिन्हींचा मिळून आल्यासारखा वास येतो, आणि हे तीन मसाले आपल्याकडे असले की त्याच्यावाचून काही अडत नाही. घरच्या गरम मसाल्यात धने, जिरे, तमालपत्र, मिरी असते; बेल्जियममध्ये गव्हाच्या एका बिअरमध्ये धने घालतात हे खरे, पण जिऱ्याच्या वासाची भोपळा-एल पिऊन पाहण्याची हौस मला तरी नाही.

याला जोडूनच एक कळकळीची सूचना : ज्या मिक्सरच्या भांड्यात कांदा-लसूण चटणी दळली आहे, त्यात हे मसाले दळू नका. आईने सामानात बांधून दिलेली ती चटणी आणि ते भांडे परदेशातही सोबत असते, आणि लसणाचा वास किती धुतला तरी जात नाही.

साखरेऐवजी कोल्हापुरी गूळ घातला तर?

हा प्रश्न विचारला नाही असा कोल्हापूरकर मला अजून भेटलेला नाही, आणि ते साहजिकच आहे. ज्या शहराची शाहूपुरी ही पेठ शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी वसवली आणि ज्याच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिथला माणूस गुळाशिवाय गोड पदार्थाची कल्पना करीलच कशाला? गूळ चालतो, आणि या एलला तो शोभतो. पण त्याचे वागणे समजून घ्यावे. गुळातील साखर यीस्ट जवळजवळ सगळी खाऊन टाकते, त्यामुळे गूळ घातल्याने बिअर गोड होत नाही. उलट मद्यांश वाढतो आणि अंग पातळ होते. उरतो तो गुळाचा वास आणि थोडा खारटपणा.

वीस लिटरला ३०० ग्रॅम पुरेसा आहे, आणि तेवढ्यासाठी माल्ट अर्धा किलोने कमी करावा. गूळ गडद रंगाचा निवडावा. पिवळाधमक दिसावा म्हणून काही ठिकाणी गुळात हायड्रोस नावाची गंधकयुक्त पूड घालतात. तसला गूळ चवीला पोकळ असतो. उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत गूळ किसून घाला आणि तो घालताना आच बंद ठेवा, नाहीतर तळाला लागतो. काकवी मिळाली तर अधिकच चांगली : तिचे प्रमाण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम. गोडवाच टिकवायचा असेल तर गूळ न वाढवता क्रिस्टल माल्ट थोडा वाढवा.

यीस्ट केव्हा घालावे आणि तापमान किती हवे?

काढा वीस अंशांखाली आला की भांडे जोरात हलवून त्यात हवा मिसळा आणि यीस्ट वरून भुरभुरा. १८ ते १९ अंश उत्तम. आंबवण चालू असताना भांडे आतून दोन ते चार अंशांनी जास्त गरम असते, म्हणून खोलीचे तापमान पाहून समाधान मानू नये. भांड्याला बाहेरून चिकटवलेली तापमानाची पट्टी वाचावी. २४ अंशांच्या पुढे गेल्यास फळांचा उग्र वास आणि डोके धरवणारे जड मद्यार्क वाढतात.

आंबवण पूर्ण झाली हे कसे ओळखावे?

एअरलॉकमधील, म्हणजे भांड्यातला वायू बाहेर सोडणाऱ्या बुचातील, बुडबुडे मोजून ओळखू नये. हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारी तरंगती नळी, वापरावा. सुरुवातीला घनता १.०५६ च्या आसपास असते आणि दहा ते चौदा दिवसांत ती १.०१३ च्या आसपास उतरते. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन मापे सारखी आली की काम झाले. सुरुवातीच्या आणि शेवटच्या घनतेतील फरकाला १३१.२५ ने गुणले की मद्याची टक्केवारी मिळते, इथे सुमारे ५.६.

ऊस उत्पादकांच्या घरातील मुले विचारतात की वडिलांचे ब्रिक्स, म्हणजे रसातील साखरेचे प्रमाण, मोजण्याचे हातातले यंत्र चालेल का. सुरुवातीला चालेल, १.०५६ म्हणजे १३.८ ब्रिक्स, तोडणीला आलेल्या उसाच्या रसापेक्षा बरेच कमी. मात्र मद्य तयार झाल्यावर प्रकाशाचे वक्रीभवन बदलते आणि ते यंत्र खरे माप दाखवत नाही. म्हणून शेवटचे माप हायड्रोमीटरनेच घ्यावे.

बाटल्या फुटतात असे ऐकले आहे. खरे आहे का?

खरे आहे, माझ्या फुटल्या आहेत. इंग्लंडमधील भाड्याच्या घरात जिन्याखालच्या कपाटात मी दोन डझन बाटल्या रचल्या होत्या. आठव्याच दिवशी बुडबुडे थांबले, म्हणून माप न घेता त्या भरल्या होत्या, आणि त्यावर नेहमीची साखरही घातली होती. पुढच्या आठवड्यात मध्यरात्री दोन बाटल्या एकापाठोपाठ फुटल्या, दालचिनीचा वास जिनाभर पसरला आणि घरमालकीणबाईंनी सकाळी काहीही न बोलता दारात एक बादली आणि फडके आणून ठेवले. उरलेल्या बाटल्यांची बुचे मी जाड हातमोजे आणि चष्मा घालून एकेक करून सैल केली.

घनता स्थिर झाल्याशिवाय बाटली भरू नये. वीस लिटरला ११० ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून, निववून, सगळ्या एलमध्ये सारखी मिसळावी. प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर टाकण्याचा आळस अंगाशी येतो. बाटल्या दाब सोसणाऱ्या जाड काचेच्याच घ्याव्यात. सरबताच्या किंवा जॅमच्या पातळ बाटल्या वापरू नयेत. दोन ते तीन आठवडे वीस अंशांवर ठेवल्यावर पुरेसा वायू मुरतो.

माझ्या एलला दवाखान्यासारखा वास येतो. का?

नळाच्या पाण्यातील क्लोरीन माल्टमधील द्रव्यांशी मिळून क्लोरोफेनॉल तयार होते, आणि त्याचा वास अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतो. वीस-तीस लिटर पाण्याला कॅम्पडेन नावाच्या गंधकयुक्त गोळीचा पाव ते अर्धा तुकडा घालून ढवळला की क्लोरीन निष्प्रभ होते. ब्लीच वापरून भांडी धुतली असतील तर कारण तेच असू शकते. बिअरसाठी विकली जाणारी, धुवावी न लागणारी निर्जंतुके वापरावीत.

किती दिवस मुरवावी?

महिना-दीड महिना. मसाल्यांचे टोक बोथट होते आणि माल्ट पुढे येतो. सहा महिन्यांनंतर मसाला विरतो आणि एल साधी तांबूस बिअर होऊन बसते. ऑक्टोबरअखेर प्यायची असेल तर ऑगस्टच्या शेवटी करावी, म्हणजे गणपतीच्या आसपास. त्या दिवसांत घरात मद्य नको असे ज्यांना वाटते त्यांनी आपले गणित आधी मांडावे.

कोल्हापुरात राहून, कायदा न मोडता, या चवीच्या जवळ जाता येईल का?

बऱ्याच जवळ जाता येते, आणि आमच्या घरी दिवाळीनंतरच्या थंडीत ते होतेच. यात काहीही आंबवायचे नाही. फसफस सोड्याची असते.

दोन मुठी सातू, म्हणजे जव, लोखंडी तव्यावर मंद आचेवर चांगले खमंग तपकिरी होईपर्यंत भाजा आणि लिटरभर पाण्यात वीस मिनिटे उकळून गाळून घ्या. माल्टची उणीव हे पाणी भरून काढते. अर्धा किलो लाल भोपळ्याच्या फोडी ओव्हनमध्ये, तो नसेल तर जाड बुडाच्या कढईत तेलाशिवाय, कडा तांबूस होईपर्यंत भाजा. त्या सातूच्या पाण्यात घालून, बोटभर दालचिनी, पाऊण चमचा सुंठ, एक लवंग आणि साडेतीनशे ग्रॅम गडद गूळ टाकून दहा मिनिटे मंद उकळा. आच बंद करून चिमूटभर जायफळ किसा आणि एक चमचा चहापत्ती टाकून चार मिनिटांनी सगळे गाळा. हॉप्सचा कडवटपणा इथे कोऱ्या चहाच्या तुरटपणातून येतो. चहा जास्त वेळ राहिला तर तो तुरटपणा टपरीवरच्या उरलेल्या चहासारखा होतो. गाळताना मलमलीचे फडके पिळू नका, आपोआप गळू द्या, म्हणजे पाक नितळ राहतो. गार झाल्यावर दोन लिंबांचा रस घाला.

पेल्यात एक भाग पाक आणि दोन भाग थंडगार सोडा. सोडा पेल्याच्या कडेने हळू ओतावा, कारण पाकातील बारीक कणांमुळे वायू एकदम सुटतो आणि पेय टेबलभर होते. गोटी सोडा मिळाला तर तोच घ्यावा. त्याचा दाब चांगला असतो आणि मुलांना गोटीचा आवाज हवा असतो.

हा पाक किती दिवस टिकतो? बरणीत भरून ठेवता येईल का?

फ्रिजमध्ये चार दिवस, त्याहून जास्त नाही. भोपळ्यात आंबटपणा फार कमी असल्याने त्याचा पाक हवाबंद बरणीत भरून बाहेर साठवणे धोक्याचे आहे. अशा ठिकाणी बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात, आणि त्यांचे विष चवीला किंवा वासाला कळतेच असे नाही. जास्त झाला असेल तर बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवावा. सोडा मिसळलेले पेय बाटलीत भरून ओट्यावर मुळीच ठेवू नये. गुळाच्या पाकात हवेतील यीस्ट कोल्हापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात दीड-दोन दिवसांतच कामाला लागते. बाटलीचे झाकण उघडताना आपण न भरलेला वायू सुस्कारा टाकून बाहेर आला, तर ते पेय मोरीत ओतून द्यावे आणि बाटली उकळत्या पाण्याने धुवावी.